समुद्रातही वाळवंट असते

भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगलेला जगाच्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. ॲमेझॉन आणि कांगो नद्यांच्या खोऱ्यांवर गर्द हिरवा रंग, सहारावर पिवळा, सैबेरियातील सूचिपर्णी अरण्यांवर काळपट हिरवा आणि त्याच्याही उत्तरेला टुंड्राचा करडा पट्टा. जमिनीचा एवढासा तुकडाही रंगाविना सोडलेला नसतो. आणि समुद्र? तो मात्र सगळा एकाच फिक्या निळ्या रंगाचा! पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग नकाशाकाराने कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात उरकलेला असतो.

यामुळे आपल्या मनात एक गैरसमज नकळत घर करून बसतो. जमिनीवर अरण्ये, गवताळ मैदाने, वाळवंटे असे निरनिराळे प्रदेश असतात, समुद्र मात्र इथूनतिथून सारखाच, असे आपल्याला वाटू लागते. वास्तविक समुद्रातही सुपीक मळे आहेत आणि ओसाड माळराने आहेत. समुद्रात वाळवंटेसुद्धा आहेत, आणि ती सहारापेक्षा कितीतरी मोठी आहेत. मात्र त्यांच्या सीमा कोण आखतो हे कळायचे असेल तर जमिनीवरचे नियम थोडे बाजूला ठेवावे लागतात.

जमिनीवरचा हिशेब तसा सोपा. ऊब किती आणि पाऊस किती, एवढे सांगितले की तिथे काय उगवेल हे बरेचसे सांगता येते. ऊबही भरपूर आणि पाऊसही भरपूर, तर घनदाट वर्षारण्य. ऊब आहे पण पाऊस नाही, तर वाळवंट. दोन्ही तुटपुंजे असतील तर टुंड्रा. महाबळेश्वरहून वाईमार्गे फलटणकडे एसटीने गेलात, तर सदाहरित झाडी सरून बाभळी-बोरीचा मुलूख कसा लागतो हे तुम्हांला अर्ध्या दिवसात पाहता येईल. तापमानात काही अंशांचाच फरक, पण पावसात जमीनअस्मानाचा. अशा प्रत्येक प्रदेशातील वनस्पती व प्राणी यांच्या एकत्रित समुदायाला शास्त्रज्ञ जीवसंहती म्हणजेच ‘बायोम’ असे नाव देतात.

आता काही आकडे पाहू. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७५ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. एक चौरस मीटर जागेत वर्षाला सरासरी किती ग्रॅम वनस्पती (वाळवून वजन केल्यास) नव्याने तयार होतात, याचे ते अंदाज होते. उष्ण कटिबंधातील वर्षारण्यात २२००, सैबेरियासारख्या सूचिपर्णी अरण्यात ८००, टुंड्रात १४०, वाळवंटी झुडपांच्या प्रदेशात ९०. आणि खुल्या समुद्रात? फक्त १२५! म्हणजे खुला महासागर हा टुंड्रा आणि वाळवंट यांच्या मधोमध येऊन बसला. समुद्राचा विस्तार अफाट असल्यामुळे सगळे मिळून पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा त्याच्याकडे जातो, हे खरे. पण वाव-वाव पाहत गेलात तर पीक अगदी विरळ.

हे चमत्कारिक नाही का? वाळवंट ओसाड असते ते पाण्यावाचून. समुद्रात पाण्याचा तुटवडा कसा असेल? मग तिथे कमी पडते ते काय?

झाडाला पाण्याखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात, प्रकाश आणि खत. खत म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे क्षार. शेतकरी शेतात टाकतो तेच. समुद्रात या दोन्ही गोष्टी आहेत. पण प्रकाश आहे वर आणि खत आहे खाली, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

आधी प्रकाशाकडे वळू. पाणी आपल्याला पारदर्शक वाटते ते पेलाभर पाहिल्यामुळे. स्वच्छ पाण्यातही लाल प्रकाश पहिल्या दहा मीटरांतच जवळजवळ शोषला जातो. त्याच्या मागोमाग नारिंगी, पिवळा असे एकेक रंग संपत जातात. सर्वांत खोल पोचतो तो निळा. पण साधारण २०० मीटरांच्या खाली तोही इतका क्षीण होतो की त्यावर कोणत्याही वनस्पतीचे पोट भरू शकत नाही. हजार मीटरांच्या खाली सूर्यप्रकाश नावालाही नाही. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३७०० मीटर आहे. म्हणजे समुद्राची शेती जी काही होते ती वरच्या पातळशा सायीत. आणि हे शेतकरीही डोळ्यांना न दिसणारे! वनस्पती-प्लवक म्हणून ओळखले जाणारे, पाण्याबरोबर तरंगत जाणारे सूक्ष्म जीव म्हणजेच खुल्या समुद्राचे गवत आणि झाडे. त्यांना खाणारे प्राणी-प्लवक, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, अशी ही साखळी.

आता खताचे पाहा. रानात पान गळते ते झाडाच्या बुंध्याशीच पडते. तिथे ते कुजते आणि त्यातले क्षार त्याच झाडाची मुळे पुन्हा शोषून घेतात. घरातला पैसा घरातच फिरला! समुद्रात मात्र जमीन चार किलोमीटर खाली. मेलेले प्लवक, माशांची विष्ठा, कवचांचे तुकडे असा सगळा ऐवज हळूहळू खाली बसत जातो. खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुडीच्या दिव्यात हे कण बर्फ भुरभुरावा तसे दिसतात, म्हणून त्याला ‘सागरी हिम’ म्हणतात. हे हिम खालच्या अंधारात कुजते, त्यातले क्षार खालच्या पाण्यात विरघळतात आणि तिथेच राहतात. वर्षानुवर्षे वरून खाली देणे चालू, परतफेड नाही. अशाने वरच्या थराचे दिवाळे निघेल नाही तर काय!

मग खालचे पाणी ढवळून वर का येत नाही? याचे उत्तर तुमच्या न्हाणीघरात आहे. बादलीत आधी गार पाणी घेऊन वरून हलक्या हाताने कढत पाणी ओतले आणि ते ढवळायला विसरले, तर काय होते? वरचा तांब्या चटका देतो, खालचा हुडहुडी भरवतो. ऊन पाणी हलके, म्हणून ते वर तरंगत राहते. उष्ण कटिबंधातील समुद्राची हीच गत. वर २८ अंश सेल्सिअसचे पाणी, आणि काहीशे मीटर खाली १० अंशांचे. या दोहोंच्या वजनात घनमीटरमागे जेमतेम साडेचार किलोंचा फरक असतो. हजार किलोंच्या वर वजन असलेल्या घनमीटरमध्ये साडेचार किलो म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण तेवढ्याने वरचा थर खालच्यावर झाकणासारखा घट्ट बसतो, आणि बारा महिने सूर्य ते झाकण तापवत असतो. ध्रुवांकडील समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणीच इतके गार होते की ते खाली बुडते, झाकण नाहीसे होते आणि वादळी वारे सारा समुद्र खोलवर घुसळून काढतात. वसंत ऋतूत सूर्य वर आला की खत तयारच असते. म्हणून जमिनीवर जे दिसते त्याच्या नेमके उलटे समुद्रात घडते. विषुववृत्ताजवळ जमीन समृद्ध पण खुला समुद्र बहुधा दरिद्री, तर थंड प्रदेशात जमीन उजाड पण समुद्र माशांनी भरलेला.

इथे थोडे विषयांतर करतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन बोटीने प्रवास करीत असताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने थक्क झाले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे तेव्हा बहुतेकजण मानीत. रामन यांनी आकाशाचे प्रतिबिंब काढून टाकणारे साधन डोळ्यांपुढे धरून पाहिले, तरी निळा रंग कायम! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिले. पाणी लाल प्रकाश शोषते, त्याची जोड मिळाली की तो गडद निळा रंग तयार होतो. पण ही निळाई दिसते ती पाण्यात दुसरे काहीही नसले तरच. प्लवक दाट असतील तर त्यांच्या हरितद्रव्यामुळे पाणी हिरवट दिसते. भूमध्य समुद्र हा क्षारांच्या बाबतीत गरीब समुद्र आहे. रामन यांना ज्याने मोहून टाकले तो रंग दारिद्र्याचा होता! चित्रातली नीलमण्यासारखी पाणी पाहिलीत की एवढे आठवा. (याचा अर्थ गढूळ पाणी म्हणजे सुपीक, असा मात्र करू नका. पावसाळ्यात आपल्या खाड्यांच्या तोंडाशी समुद्र तांबूस होतो तो मातीने.)

आता प्रश्न असा, की उष्ण प्रदेशात हे झाकण कधी उघडतच नाही काय? उघडते. आणि जिथे उघडते तिथे काय होते ते दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहायला मिळते.

पेरू देशाची राजधानी लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेस १२ अंशांवर आहे. आपले मंगळूर उत्तरेस जवळजवळ तितक्याच अंतरावर. दोन्ही गावे समुद्रकाठची. मंगळुरात वर्षाला तीन मीटरांहून अधिक पाऊस पडतो, लिमात दोन सेंटिमीटरसुद्धा नाही! आणि लिमाचा समुद्र विलक्षण गार, बराच काळ १६ ते १८ अंशांच्या आसपास. १८०२ साली आलेक्झांडर फोन हुंबोल्ट या जर्मन प्रवासी शास्त्रज्ञाने तिथे समुद्राचे तापमान मोजले. त्याच वर्षी तो अँडीज पर्वतातील चिंबोरासो या शिखरावर चढला होता आणि जसजसे वर जावे तसतशा वनस्पती कशा बदलत जातात याच्या काटेकोर नोंदी त्याने केल्या होत्या. आपल्या भिंतीवरच्या नकाशाचा उगम अशाच नोंदींत आहे. पेरूच्या किनाऱ्याने वाहणाऱ्या गार प्रवाहाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

हे पाणी गार का, याचा उलगडा व्हायला आणखी शंभर वर्षे लागली, आणि तो झाला भलत्याच ठिकाणी. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात आपले ‘फ्राम’ हे जहाज उत्तर ध्रुवाकडील बर्फात अडकवून घेऊन त्याबरोबर वाहत गेला. वारा ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेने बर्फ जात नाही, तर नेहमी २० ते ४० अंश उजवीकडे सरकते, असे त्याला दिसले. एकमान या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले आणि १९०५ साली ते प्रसिद्ध केले. वारा पाण्याच्या वरच्या थराला ओढतो, तो खालच्याला, तो त्याच्या खालच्याला. पृथ्वी फिरत असल्यामुळे प्रत्येक थर थोडा अधिक वळतो. साऱ्या थरांची बेरीज केली तर पाण्याची एकूण वाहतूक वाऱ्याच्या चक्क काटकोनात होते. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

आता पेरूचा नकाशा समोर घ्या. वारा किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. दक्षिण गोलार्ध, म्हणून पाणी डावीकडे म्हणजे पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा भरायला पाणी येणार कुठून? पूर्वेला तर जमीन. ते येते खालून! वारा एखाद्या मोटेसारखा खालचे गार, खतावलेले पाणी रात्रंदिवस वर उपसत राहतो. प्रकाश आणि खत यांची इथे गाठ पडते आणि समुद्र हिरवा होतो. आपल्या मांदेलीच्या कुळातला अँकोवेटा नावाचा वीतभरही नसलेला मासा तिथे अपरंपार होतो. तो खाऊन जगणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेचे, ‘ग्वानो’चे, कित्येक मीटर जाडीचे थर तिथल्या बेटांवर साचले होते, आणि एकोणिसाव्या शतकात ते खणून युरोपातल्या शेतांना खत म्हणून विकले गेले. समुद्राच्या तळचे क्षार प्लवक, मासा, पक्षी असे जिने चढत अखेर शेतात पोचले!

आणि याच गार पाण्यामुळे लगतची जमीन करपते. गार समुद्रावरची हवा खालून थंड होते, जड होते आणि वर चढत नाही. हवा वर चढल्याखेरीज पाऊस नाही. तिथे धुके दाटते, ढग येतात, पण थेंब गळत नाही. (अँडीजची भिंत आणि त्या पट्ट्यात वरून खाली बसणारी कोरडी हवा ही आणखी दोन कारणे आहेतच.) म्हणून जगातील एक अत्यंत कोरडे वाळवंट आणि जगातील एक अत्यंत सुपीक समुद्र एकमेकांना खेटून उभे आहेत, आणि दोघांनाही घडवणाऱ्या कारणांत तोच एक वारा आहे. आफ्रिकेत नामिब वाळवंट आणि बेंगेला प्रवाह यांची जोडी अगदी अशीच.

आपल्या अरबी समुद्रातही हा खेळ चालतो, पण ऋतूनुसार. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्यालगत जोराने वाहू लागतो. उत्तर गोलार्ध, म्हणून पाणी उजवीकडे, किनाऱ्यापासून दूर. खालचे पाणी वर येते आणि उन्हाळ्यात कोमट असलेला सोमालियाचा समुद्र ऑगस्टपर्यंत काही ठिकाणी २० अंशांच्याही खाली उतरतो. किनारा कोरडाच राहतो. तोच वारा पुढे बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळतो आणि कोकण भिजवतो! कमी प्रमाणात का होईना, केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात खालचे पाणी वर येते. तारलीसारख्या माशांची त्या भागातली सुगी त्यावर अवलंबून असते. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली, तेव्हा या गोष्टींची नीट मोजमापे झाली. त्या मोहिमेतूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि ती गोव्यात दोना पावला येथे आहे.

पेरूच्या मोटेचा दगा कधीकधी साऱ्या जगाला जाणवतो. एरवी पॅसिफिकवरचे पूर्वेकडून येणारे वारे ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटून ठेवतात, त्यामुळे पेरूजवळ झाकण पातळ असते. काही वर्षांनी हे वारे मंदावतात, ऊन पाणी पूर्वेकडे परत सरकते आणि झाकण जाड होते. मोट चालूच असते, पण ती पोचते तिथवर खताचे पाणी नसतेच. वर येते ते कोमट, निःसत्त्व पाणी. हे नाताळच्या सुमारास जाणवते म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला ‘एल निन्यो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. १९७० साली पेरूने सुमारे १ कोटी २० लक्ष टन अँकोवेटा पकडला होता. जगातल्या एकूण सागरी मासळीचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा. १९७२ साली एल निन्यो आला. आधीच बेसुमार मासेमारी झालेली, त्यात ही भर. १९७३ साली मासळी २० लक्ष टनांच्या आसपास घसरली. जगभर कोंबड्यांच्या खाद्याचे भाव चढले.

१९७२ हे साल वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांना काही आठवते का, विचारा. बहात्तरचा दुष्काळ! त्या वर्षी भारतात सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के कमी पाऊस झाला आणि महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायच्या कामावर गेली. त्याच दुष्काळी कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. पॅसिफिकमधले ऊन पाणी सरकले की हवा वर चढण्याच्या व खाली बसण्याच्या जागाही सरकतात, आणि आपला पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. संभव म्हणतो, कारण हा नियम अटळ नाही. १९९७ साली फार जोरदार एल निन्यो असूनही आपल्याकडे पाऊस नेहमीसारखा झाला.

दोन अपवादांचा उल्लेख करायलाच हवा. लक्षद्वीपसारख्या प्रवाळबेटांभोवती पाणी काचेसारखे निळे, म्हणजे गरीब, तरीही व्हिटेकरच्या तक्त्यात प्रवाळ आणि शैवाल यांच्या पट्ट्याला चक्क २५०० ग्रॅम दिलेले आहेत. प्रवाळाच्या शरीरातच सूक्ष्म शैवाल राहते. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे खत, त्यामुळे क्षार खाली पडूच दिले जात नाहीत. रानातल्या पाचोळ्यासारखीच ही व्यवस्था. दुसरा अपवाद १९७७ साली सापडला. गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल, ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून शास्त्रज्ञांना समुद्रतळावर उष्ण पाण्याचे झरे दिसले, आणि त्यांभोवती शिंपले व लांबच लांब कृमी यांची दाट वस्ती. तिथे सूर्याचे काम झऱ्यातील हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जीवाणू करतात.

आता एक प्रयोग. शिक्षकांनी तो वर्गात अवश्य करून दाखवावा. एक लांबट, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. एक लिटर गार पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि थोडी निळी शाई विरघळवा. डब्यात आधी साधे पाणी दोन-तीन सेंटिमीटर भरा. मग एका नळीने किंवा नरसाळ्याने हे निळे पाणी अगदी सावकाश तळाशी सोडा. जड असल्यामुळे ते खाली पसरेल. दोन थर स्पष्ट दिसू लागले की डब्याच्या एका टोकाशी बसून पृष्ठभागावर आडवे, हलके, सलग फुंकत राहा. जोराने फुंकलेत तर सगळे कालवले जाईल. वरचे पाणी पलीकडच्या टोकाला साचेल आणि तुमच्या बाजूला निळा थर वर चढताना दिसेल. हा तुमचा पेरूचा किनारा. फुंकणे थांबवा आणि निळ्या थराचे काय होते ते पाहा.

मग तोच प्रयोग एक चमचाऐवजी तीन चमचे मीठ घालून करा. थरांच्या वजनातील फरक वाढला, म्हणजेच झाकण घट्ट झाले. समुद्राच्या बाबतीत हे झाकण मिठाने नव्हे, उष्णतेने घट्ट होत आहे. हवेतील कर्बवायू वाढल्यामुळे पृथ्वीवर अडकून राहणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र शोषतो आणि त्याचा वरचा थर आधी तापतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील व इतर शास्त्रज्ञांनी २०१६ साली असे अनुमान प्रसिद्ध केले, की पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती-प्लवक मागील सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावे. एक चमचा मिठाच्या वेळी निळा थर किती वर आला आणि तीन चमच्यांच्या वेळी किती, हे डब्याला बाहेरून पट्टी लावून मोजा, आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.